वगळलेल्या ओळींचा हिशेब कोण देणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अनुदानाच्या यादीतून नावं गळाली, दुधाच्या बिलात लिटर कमी लागले किंवा एकाच खात्यावर दोनदा पैसे गेले, की संबंधित अधिकारी ‘तांत्रिक अडचण’ एवढंच सांगतात आणि बातमीतही तेवढंच छापून येतं. मी पश्चिम महाराष्ट्रात दूध संस्थांच्या हिशेबाचं संगणकाचं काम करते. आलेल्या याद्या डेटाबेसमध्ये चढवणं हे माझं रोजचं काम. त्या दोन शब्दांमागे बहुतेक वेळा काय असतं ते मला रोज दिसतं, आणि ते आपल्या वाचकांपर्यंत पोचावं असं मला मनापासून वाटतं. ही अडचण आभाळातून पडत नाही. कुणीतरी बसून एक अट लिहिलेली असते, आणि त्या अटीत न बसलेली माणसं कुणाला न कळता बाहेर राहतात.

आधी काम कसं चालतं ते सांगते. उत्पादक सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन संकलन केंद्रावर येतो. वजन होतं, नमुना यंत्रात घालून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) निघतं, दर लागतो, पावती हातात पडते. ही एक पावती म्हणजे संगणकातली एक ओळ. संस्थेचे ३०० सभासद असतील तर दोन पाळ्यांच्या मिळून दिवसाला ६०० ओळी होतात, आणि दहा दिवसांच्या बिलाला ६,०००. एखाद्या प्रकल्पाला अशा २०० संस्था जोडलेल्या असतील तर एका बिलाच्या १२ लाख ओळी. आमच्याकडे बिल महिन्यातून तीनदा निघतं: एक ते दहा, अकरा ते वीस, आणि एकवीसपासून महिनाअखेरपर्यंत. शेतकऱ्याच्या घरात रोख पैसा येण्याच्या याच तीन तारखा असतात. किराणा, पोरांची फी, पेंडीचं पोतं, सगळं त्या तारखांवर टांगलेलं असतं.

या लाखो ओळी कुणी एकेक करून टाइप करत नाही. गावाकडून फाइल येते आणि एकगठ्ठा चढते. मात्र आलेली प्रत्येक ओळ घालून चालत नाही. गावात वीज जाते, नेट तुटतं, फाइल गेली की नाही याची खात्री नसल्यामुळे सचिव तीच फाइल पुन्हा पाठवतात. आठ तारखेच्या फाइलमध्ये सात तारखेच्याही ओळी येतात. सगळ्या घातल्या तर एकाच दुधाचे दोनदा पैसे जातील. म्हणून अट घालावीच लागते, की ही ओळ आधी नसेल तरच घाल. अट घालण्यात काही गैर नाही. ती नसली तर मीच आधी तक्रार करीन. पण दोन ओळी एकच आहेत हे कशावरून ठरवायचं, आणि ज्या घातल्या नाहीत त्यांचं पुढे काय करायचं, या दोन गोष्टींचा निर्णय बहुतेक ठिकाणी कुणीही नीट घेतलेला नसतो.

एका उत्पादक ताईंचं उदाहरण देते. गावाचं आणि प्रकल्पाचं नाव लिहीत नाही. त्यांच्याकडे एक संकरित गाय आणि एक म्हैस. सकाळच्या पाळीला त्या दोन किटल्या घेऊन येत. पावत्या दोन मिळत. पहिलीवर गाय, ६.५ लिटर, फॅट ३.८, एसएनएफ ८.५. दुसरीवर म्हैस, ३ लिटर, फॅट ६.८, एसएनएफ ९. दहा दिवसांनी बिल आलं ते नुसतं गायीचं. म्हशीच्या दुधाला ५१ रुपये दर लागला होता, म्हणजे दिवसाचे १५३ आणि त्या बिलाचे १,५३० रुपये गायब. ताईंनी सगळ्या पावत्या तारखेनुसार दोऱ्यात ओवून ठेवल्या होत्या, म्हणून त्यांना बोलायला जागा तरी होती. संस्थेत विचारलं तर सचिव म्हणाले, “आमच्याकडून दूध गेलंय, बिलच वरून तसं आलंय.” वर विचारलं तर उत्तर आलं, “फाइल पूर्ण चढली आहे, एकही एरर नाही.” दोघंही खरंच बोलत होते.

संस्थेच्या सांगण्यावरून मी मूळ फाइल आणि छापलेलं बिल शेजारी शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. फाइलमध्ये म्हशीच्या दहाच्या दहा ओळी होत्या. त्या मध्यवर्ती डेटाबेसमध्ये गेल्या नव्हत्या, कारण तिथली अट अशी होती: संस्था, तारीख, पाळी आणि सभासद क्रमांक हे चारही जुळले तर ती ओळ ‘आधीची’ समजावी आणि सोडून द्यावी. फाइलमध्ये गायीची ओळ वर आणि म्हशीची खाली असायची. गायीची आत जायची. मग म्हशीची यायची, तिचे चारही रकाने जुळायचे आणि ती सोडली जायची. सोडली याची कुठेही नोंद नाही. पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘फाइल यशस्वीरीत्या चढली’.

त्या गावात ज्यांच्याकडे नुसती गाय किंवा नुसती म्हैस आहे त्यांची बिलं अगदी बिनचूक येत होती. त्यामुळे ज्या चार-दोन घरांत दोन्ही जनावरं होती तीच तक्रार करत, आणि बाकीचं गाव त्यांच्याकडे संशयानं बघत असे. हे मला पैशांपेक्षा जास्त लागलं. ज्या बाईनं पहाटे उठून दोन धारा काढल्या, तिला आपण खोटं बोलत नाही हे चारचौघांत सिद्ध करावं लागलं.

दुरुस्ती म्हणून अटीत दुधाचा प्रकार घालण्यात आला. तेवढ्यानंही भागत नव्हतं. बऱ्याच घरांतून एकाच पाळीत दोनदा दूध येतं: आई एक किटली घालून जाते, दुसरी मागाहून मुलगा मोटारसायकलवरून आणतो. दोन्ही गायीचीच. म्हणजे पावती क्रमांकही अटीत हवा. पण काही यंत्रं बंद करून चालू केली की पावती क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतो, त्यामुळे पावतीची वेळही धरावी लागली. केंद्रावर सकाळी उभं राहून दूध कसं येतं ते पाहिलं असतं तर हे सगळं पहिल्याच दिवशी कळलं असतं. दूर शहरात बसून नुसत्या फाइलचे रकाने बघून ही अट लिहिता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. ती लिहिताना मापाडी आणि सचिव समोर बसलेले असायला हवेत.

आता थोडं डेटाबेसबद्दल. १९७० साली आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी रिलेशनल पद्धतीची, म्हणजे माहिती ओळी-रकान्यांच्या तक्त्यांत ठेवायच्या पद्धतीची, मांडणी केली. आज बँका, रेल्वे, शासन, सगळीकडे जे डेटाबेस चालतात ते मुख्यतः याच पद्धतीवर उभे आहेत. कॉड यांच्या मूळ विचारात तक्ता म्हणजे गणितातला संच, म्हणून त्यात एकच ओळ दोनदा येऊच शकत नाही. प्रत्यक्षातल्या एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला आज्ञा द्यायच्या भाषेत, मात्र दोनदा काय, दहादाही येऊ शकते. तिला अडवायचं असेल तर कोणत्या रकान्यांवरून ओळ ओळखायची ते आपण सांगावं लागतं. त्याला युनिक की म्हणतात. ती की काय असावी हे यंत्राला कळत नाही, माणसानंच ठरवायचं असतं. डेटाबेस एवढंच करतो, की एकदा सांगितलेली की तो कसोशीनं पाळतो.

काही ठिकाणी ही की लावलेलीच नसते आणि सॉफ्टवेअर प्रत्येक ओळीसाठी आधी विचारतं, ‘ही आहे का?’, आणि नसेल तर घालतं. यात दोन धोके आहेत. एक वेळेचा. १२ लाख ओळींसाठी २४ लाख फेऱ्या. एका फेरीला सेकंदाचा हजारावा भाग लागला तरी ४० मिनिटं, आणि तेवढा वेग जोडणी चांगली असेल तरच. बिलाच्या दिवशी सगळे घाईत असतात, मग कुणीतरी म्हणतं, ‘तपासणी काढून टाका, बिल तर निघू द्या.’ दुसरा धोका त्याहून मोठा. गावातल्या संगणकानं आपोआप फाइल पाठवली आणि त्याच क्षणी सचिवांनीही हातानं पाठवली, तर दोन्ही बाजूंनी एकदमच ‘आहे का?’ असं विचारलं जातं, दोघांनाही ‘नाही’ असं उत्तर मिळतं, आणि दोघंही ओळ घालतात. दुधाचे पैसे दोनदा जातात. पुढच्या बिलात ते ‘वसुली’ म्हणून कापले जातात, तेही न सांगता. मग बायाबापड्या विचारत राहतात, या खेपेला दूध तेवढंच असून बिल कमी का आलं.

हे टाळायची साधनं आज सगळ्यांना उपलब्ध आहेत, त्यातली बरीचशी फुकट आहेत. पोस्टग्रेस या मोफत डेटाबेसमध्ये जानेवारी २०१६ मध्ये आलेल्या ९.५ आवृत्तीपासून ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’ अशी सोय आहे. ओळ घालताना की जुळली तर काय करायचं ते त्याच आज्ञेत सांगता येतं: सोडून द्यायचं की जुनी ओळ नव्या माहितीनं दुरुस्त करायची. दोन बाजूंनी एकदम फाइल आली तरी ओळ एकदाच जाते. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ‘इन्सर्ट इग्नोर’ ही आज्ञा आहे. एसक्यूएलच्या २००३ च्या प्रमाणकात याच कामासाठी ‘मर्ज’ आलं आणि मोठमोठ्या कंपन्यांच्या डेटाबेसमध्येही ते आहे. लाखो ओळी एका आज्ञेत जातात. पण ‘सोडून दे’ असं सांगितलं की डेटाबेस खरंच सोडून देतो. त्याला गाई-म्हशीतला फरक ठाऊक नसतो. हातात एवढं बळ आल्यावर जबाबदारीही वाढते, आणि नेमकी तिथेच ढिलाई दिसते.

‘इन्सर्ट इग्नोर’ची गोष्ट घ्या. नाव ऐकून वाटतं, दुबार ओळी तेवढ्या वगळल्या जातील. ते बाकीच्या कित्येक चुकाही पोटात घालतं. नाव रकान्यात मावत नसेल तर शेवटची अक्षरं कापून ओळ आत घेतली जाते आणि चुकीची नुसती सूचना होते. ‘रिप्लेस’ नावाची दुसरी आज्ञा आहे, ती जुनी ओळ दुरुस्त करत नाही, ती पुसते आणि नवी घालते. सभासदाचा मोबाइल नंबर बदलायला ती वापरली, आणि त्या सभासदाच्या ओळीला पशुखाद्याच्या उधारीच्या नोंदी ‘मूळ पुसलं की आम्हालाही पुसा’ अशा पद्धतीनं जोडलेल्या असल्या, तर त्या नोंदीही जातात. आणखी एक सापळा जुना आहे आणि आजही लोक त्यात पडतात. ‘जे क्रमांक जुन्या यादीत नाहीत तेवढेच घाल’ हे ‘नॉट इन’ वापरून लिहिलं आणि जुन्या यादीत एका जरी माणसाचा क्रमांक कोरा असला, तर एकही नवी ओळ आत जात नाही. कोरा म्हणजे ‘माहीत नाही’. मग नवा क्रमांक त्या कोऱ्या क्रमांकाहून वेगळा आहे असं डेटाबेस ठामपणे म्हणू शकत नाही, म्हणून तो सगळ्यांनाच बाहेर ठेवतो. हीच अट ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरून लिहिली की हा घोळ होत नाही. एका कोऱ्या रकान्यामुळे अख्ख्या गावाची यादी बाहेर राहू शकते, आणि पडद्यावर तेव्हाही लाल अक्षर दिसत नाही.

अनुदानाच्या याद्यांत हे सगळं आणखी गंभीर होतं, कारण तिथे ओळ ओळखायला आधार क्रमांक, खातं, मोबाइल आणि जनावराच्या कानातला बिल्ला लागतो. २०२४ साली राज्य शासनानं गायीच्या दुधाला आधी लिटरमागे ५ आणि पुढे ७ रुपये अनुदान दिलं. त्यासाठी उत्पादकाचं आधारशी जोडलेलं खातं आणि गायीच्या बिल्ल्याची नोंद आवश्यक होती. हेतू चांगला होता, पैसे थेट खात्यात जाणार होते. याद्या भरल्या मात्र गावोगावच्या संस्थांमध्ये, आणि त्या बहुतेक एक्सेलमध्ये.

बिल्ल्याचा क्रमांक १२ आकडी असतो, आधारही १२ आकडी. एक्सेलच्या साध्या रकान्यात ११ पेक्षा जास्त आकडी संख्या लिहिली की तो ती आखडून दाखवतो: १.०२३४५ई+११ अशा रूपात. त्या रूपातच फाइल सीएसव्ही (नुसत्या मजकुराची फाइल) म्हणून जतन झाली की पुढचे आकडे कायमचे गेले. मग एकाच गावातल्या, एकाच पेटीतून आलेल्या बिल्ल्यांचे पहिले सहा आकडे सारखे निघतात, आणि वीस गायी संगणकाला एकच गाय दिसतात. पहिली आत, बाकीच्या एकोणीस ‘आधीच आहे’ म्हणून बाहेर. बँक खात्याचंही तेच. एक्सेल संख्येचे १५ आकडेच अचूक ठेवतो, त्यापुढचे शून्य करून टाकतो. ज्यांचं खातं १६ किंवा १७ आकडी आहे त्यांचे शेवटचे आकडे शून्य होतात आणि एकाच शाखेतली वेगवेगळी खाती एक होऊन बसतात. ज्या खात्याची सुरुवात शून्यानं होते त्याचं शून्यच उडतं. रकाना आधीच ‘टेक्स्ट’ केला तर यातलं काहीही होत नाही. एवढी साधी गोष्ट संस्थांच्या सचिवांना कुणी प्रशिक्षणात सांगितली असती तर किती तरी घरांचा मनस्ताप वाचला असता.

बायकांच्या नावावरच्या नोंदींबद्दल मला वेगळं आणि कळकळीनं लिहायचं आहे. गोठ्यातलं काम बहुतांशी बाईच करते. दोघांच्या नावावर स्वतंत्र सभासदत्व असलेली घरंही आता वाढली आहेत. पण मोबाइल घरात एकच, नवऱ्याच्या खिशात. बँक खातं कधी संयुक्त. डेटाबेसमध्ये कुणी मोबाइल नंबरवर किंवा खाते क्रमांकावर युनिक की लावली असेल आणि वर ‘की जुळली तर सोडून दे’ असं सांगितलं असेल, तर यादीत नवऱ्याचं नाव आधी येतं, त्याची ओळ आत जाते, आणि बायकोची त्याच नंबरामुळे बाहेर राहते. पोस्टग्रेसमध्ये कोणती की जुळल्यावर सोडायचं ते नेमकं सांगता येतं. न सांगता नुसतं ‘डू नथिंग’ लिहिलं की कुठलीही की जुळली तरी ओळ सुटते. एक शब्द कमी लिहिला म्हणून एका बाईचं सभासदत्व कागदावर राहतं आणि संगणकात नसतं. मोबाइल नंबर ही माणसाची ओळख नव्हे. तो संपर्कासाठी घ्यावा, माणूस एकच आहे की दोन हे त्यावरून कधीही ठरवू नये.

नावांवरून ठरवणं तर त्याहून धोक्याचं. एकाच गावात एकाच नावा-आडनावाचे आणि वडिलांचंही तेच नाव असलेले दोघं-तिघं सापडतात. उलट एकच माणूस तीन याद्यांत तीन तऱ्हांनी लिहिलेला असतो. आपल्या लिपीचीही एक अडचण आहे. ‘कऱ्हाड’ हे गावाचं नाव एकानं ‘ऱ’ला हलन्त देऊन लिहिलं आणि दुसऱ्यानं साध्या ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह टाकलं, तर छापल्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन गावं आहेत. युनिकोडच्या नेहमीच्या एकसारखेपणाच्या नियमांनीही ती एक होत नाहीत. गावाचं नाव कीचा भाग म्हणून धरलं की दुबार ओळी हमखास आत येतात. म्हणून गावाला शासनाचा संकेतांकच वापरला पाहिजे.

मी आणि माझे काही सहकारी काम कसं करतो तेही लिहिते, कारण नुसती तक्रार करून उपयोग नाही. आलेली फाइल आम्ही थेट मूळ तक्त्यात कधीच घालत नाही. आधी ती जशीच्या तशी एका तात्पुरत्या तक्त्यात उतरवतो, तिथे सगळे रकाने मजकुराचे आणि कुठलीही अट नाही, म्हणजे एकही ओळ हरवायला वाव नाही. प्रत्येक ओळीला फाइलमधला तिचा क्रमांक चिकटवतो. मग तपासण्या लावतो: क्रमांक पूर्ण आहे का, आधारचा शेवटचा तपास-आकडा जुळतो का, आयएफएससी या बँक शाखेच्या संकेतांकात ११ अक्षरं असून पाचवं शून्यच आहे का (इथे पुष्कळजण इंग्रजी ओ अक्षर टाइप करतात), त्याच फाइलमध्ये ती ओळ दुसऱ्यांदा आली आहे का. ज्या ओळी खऱ्या अर्थानं नव्या आणि नीट आहेत त्या एकाच आज्ञेनं मूळ तक्त्यात जातात. उरलेली प्रत्येक ओळ तिसऱ्या तक्त्यात जाते, आणि तिच्यापुढे कारण साध्या मराठीत लिहिलेलं असतं. ‘ओळ २१४: हीच पावती कालच्या फाइलमध्ये आली आहे, काही करू नये.’ ‘ओळ ३८०: बिल्ल्याचे आकडे अपुरे, बिल्ला पाहून पुन्हा लिहा.’ हे सगळं एकाच व्यवहारात होतं. मध्येच वीज गेली तर काहीच झालेलं नसतं, अर्धवट यादी राहत नाही. शेवटी एक बेरीज छापली जाते: फाइलमधल्या ओळी ६,०००, नव्या घातल्या ५,९१२, आधीच्या म्हणून सोडल्या ६०, कारणासह परत २८. बेरीज जुळली नाही तर बिल पुढे जात नाही. ती परत आलेली यादी पैसे निघायच्या आधी गावात पोचते.

यात कुठलंही महागडं तंत्र नाही. डेटाबेस तर स्वतःहून सांगत असतो. मायएसक्यूएल एकगठ्ठा ओळी घातल्यावर एकूण किती, दुबार किती आणि सूचना किती हे तीन आकडे परत देतो. पोस्टग्रेस घातलेल्या ओळींची संख्या देतो, हवं तर त्या ओळीही देतो. ६,००० पाठवल्या आणि ५,९९० गेल्या हे त्याच क्षणी यंत्राला माहीत असतं. ते आकडे कुणी वाचत नाही आणि पडद्यावर दाखवत नाही. ताईंच्या म्हशीच्या दहा ओळींचा आकडाही त्या दिवशी कुठे तरी उमटून गेला होता.

दुबार लाभ घेणारे असतात, म्हणून अट कडकच हवी, असं काहीजण म्हणतील. माझाही त्याला पाठिंबा आहे. सार्वजनिक पैसा दोनदा जाता कामा नये. पण कडक अट आणि मुकी अट यांत फरक आहे. ज्याची ओळ नाकारली त्याला कारण कळलं, दुरुस्तीला मुदत मिळाली, तर लबाड माणूस आपोआप गप्प बसेल आणि खरा माणूस कागद घेऊन येईल. आज दोघंही सारखेच अंधारात आहेत. गोपनीयतेची सबबही खरी नाही. आधार किंवा खाते क्रमांक भिंतीवर लावा असं कुणी म्हणत नाही. सभासद क्रमांक आणि खात्याचे शेवटचे चार आकडे पुरतात.

म्हणून दूध संघ, खासगी प्रकल्प, पतसंस्था आणि शासनाची खाती या सर्वांना आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती आहे. याद्या चढवताना ओळ एकच आहे हे कोणत्या रकान्यांवरून ठरवता, ते एका कागदावर मराठीत लिहा आणि संस्थेच्या फलकावर लावा. सॉफ्टवेअरच्या निविदेत आणि करारात हे कलम घाला, की नाकारलेली एकही ओळ कारणाशिवाय टाकून देता येणार नाही आणि प्रत्येक फाइलची बेरीज जुळवून दाखवावी लागेल. लेखापरीक्षकांनी घातलेल्या ओळी तपासाव्यातच, पण न घातलेल्या ओळींची यादीही मागावी. ती देता आली नाही तर तसा शेरा मारावा.

आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती. पुढच्या वेळी कुणी अधिकारी ‘तांत्रिक अडचण’ म्हणाला तर त्याला तिथेच विचारा: फाइलमध्ये ओळी किती होत्या, आत किती गेल्या, आणि उरलेल्यांची यादी कुठे आहे? या तीन प्रश्नांची उत्तरं द्यायला संगणकाचं शिक्षण लागत नाही. ज्याच्याकडे ती नसतील त्याच्याकडची यादी अपुरी आहे असंच समजून बातमी द्यावी, आणि मिळालेले आकडे गावाच्या नावासह छापावेत. म्हणजे त्या गावातल्या माणसांना आपल्या पावत्या घेऊन कुठे जायचं ते कळेल.

कळावे,
आपली नियमित वाचक,
दूध संस्थांच्या हिशेबाचं संगणकीय काम करणारी एक कर्मचारी, जि. सातारा
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)